सहा, सात की नऊ किलो? मशीन घेण्याआधी एकदा धुणं तोला

(या भागाचा लिखित मजकूर. लोकलच्या गर्दीत नीट ऐकू आलं नसेल तर इथे वाचा. बोललेलंच आहे, थोडं आवरून लिहिलंय.)

लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, आणि घरी असाल तर आईला किंवा बायकोला, नवऱ्यालाही बाजूला बसवा. कारण आजचा विषय घरातल्या सगळ्यांचा आहे. वॉशिंग मशीन किती किलोची घ्यायची?

हा विषय का, तर गेल्या काही दिवसांत तुमचे बरेच मेसेज आले आणि ते जवळजवळ सारखेच होते. "ताई, आम्ही चार जण, साडेसहा घेऊ की आठ?" "ताई, लग्न झालंय, बदलापूरला वन बीएचके घेतलाय, दोघांना सहा पुरेल ना?" "दुकानदार म्हणतो हजार-दोन हजारच जास्त, नऊ किलोच घ्या, मोठी कधीही बरी." दुकानात एक ठरलेला तक्ता असतो बघा: दोन माणसांना सहा, चारला सात, सहाला आठ-नऊ. झालं, बिल फाडलं.

मी म्हणते, माणसं मोजून मशीन घेऊ नका. तुमच्या घरातून एका वेळी किती धुणं निघतं, आणि ते धुवायला तुमच्याकडे पाणी कधी असतं, यावर घ्या. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यात तर या दोन गोष्टी माणसांच्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाच्या आहेत. का ते सांगते.

किलो म्हणजे नक्की कसले किलो?

आधी एक गैरसमज काढू. मशीनवर ७ किलो लिहिलंय म्हणजे सात किलो कोरडे कपडे. भिजलेले नाहीत, पाण्यासकट तर नाहीच नाही. आणि हा आकडा कॉटनच्या प्रोग्रॅमचा असतो. सिंथेटिकचा प्रोग्रॅम लावला की बहुतेक फ्रंट लोड मशीनमध्ये मर्यादा साधारण निम्म्यावर येते. आणि तो पंधरा मिनिटांचा क्विक वॉश, जो आपण सगळे सकाळच्या घाईत दाबतो, तो बऱ्याच मशीनमध्ये दीड-दोन किलोसाठीच असतो. मशीनबरोबर पुस्तिका येते ना, तिच्यात प्रत्येक प्रोग्रॅमपुढे किलो लिहिलेले असतात. ते पान वाचा. मशीन घेतल्यावर नाही, घेण्याआधी. कंपनीच्या साइटवर पुस्तिका मोबाइलवर उघडते.

म्हणजे नऊ किलोची मशीन घेऊन रोज क्विक वॉशच लावणार असाल, तर तुम्ही नऊ किलोचे पैसे देऊन दोन किलोची मशीन वापरताय.

आता धुणं तोला

यासाठी वेगळा काटा लागत नाही. वजनकाटा असेल तर रिकामी बादली घेऊन उभे राहा, आकडा बघा. मग त्याच बादलीत दिवसभराचं कोरडं धुणं भरून उभे राहा. जो फरक येईल ते तुमचं रोजचं धुणं. बॅगा तोलायचा हुकवाला छोटा काटा असेल तर आणखी सोपं, पिशवी लटकवली की झालं. असं आठवडाभर करा आणि मोबाइलमध्ये नोंद ठेवा.

मी आमच्या घरचे कपडे एकेक करून तोलले. तुमचे थोडे इकडेतिकडे होतील, पण अंदाज यावा म्हणून सांगते. जाड जीन्स ६५० ग्रॅम. शर्ट २२०. टीशर्ट १८०. कुर्ता २५०, लेगिंग १५०, ओढणी १००. घरातला गाऊन २५०. बर्मुडा २२०. शाळेचा युनिफॉर्म, शर्ट-पँट आणि मोजे धरून ४००. अंघोळीचा टर्किश टॉवेल ४५०, पण पंचा घेतला तर तोच आकडा सव्वाशेच्या आत. डबल बेडची कॉटनची चादर दोन अभ्र्यांसकट ९००.

यात सगळ्यात भारी कोण? जीन्स. आणि आपल्याकडे जीन्सला काय तोटा? उल्हासनगर म्हणजे जीन्सचं गाव. कॅम्प पाचकडे गल्लीगल्लीत जीन्स शिवली जायची. ती धुणाऱ्या कारखान्यांचं निळं पाणी वालधुनी नदीत जायला लागलं, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि धुलाईच्या कारखान्यांना टाळी लागली. तो एक वेगळा भाग होईल. आज एवढंच लक्षात ठेवा, की एक जीन्स म्हणजे तीन शर्ट. घरात दोन कॉलेजवाले असतील आणि दोघंही जीन्सच घालत असतील, तर चार माणसांचं धुणं सहा माणसांएवढं होतं. आणि घरात आजी-आजोबा असतील, सुती पातळ कपडे, पंचे, तर सहा माणसांचं धुणं चारचं होतं.

आता चौघांचं एक घर धरू. दोघं नोकरीवाले, दोन मुलं. वरच्या वजनांनी बेरीज केली, घरातले बदलायचे कपडे धरले, आतले कपडे धरले, एक टॉवेल धरला, की रोजचं धुणं पावणेचार किलोच्या आसपास येतं. चादरी त्यात नाहीत, त्या आठवड्याला दोन जोड, म्हणजे पावणेदोन-दोन किलो वेगळे.

मशीन गच्च भरायची नसते. कपड्यांना आपटायला, घोळायला जागा लागते. फ्रंट लोडमध्ये कपडे भरल्यावर वर हात उभा जाईल एवढी जागा राहिली पाहिजे. टॉप लोडमध्ये कपडे दाबायचे नाहीत, सैल टाकायचे, टब पाऊण भरला की थांबायचं. मी सोयीसाठी लिहिलेल्या आकड्याचे ऐंशी टक्के धरते.

मग हिशोब असा: रोजचं धुणं, गुणिले किती दिवसांनी मशीन लावणार, भागिले ०.८.

आपलं चौघांचं घर रोज मशीन लावणार असेल तर ३.७५ भागिले ०.८, म्हणजे ४.७ किलो. बाजारातली सहा किंवा साडेसहाची आरामात पुरते, आणि रविवारी चादरींची एक फेरी वेगळी. तेच घर एक दिवसाआड लावणार असेल तर साडेसात भागिले ०.८, म्हणजे साडेनऊच्या जवळ. बघा, माणसं तीच चार, घर तेच, आणि उत्तर एकदा साडेसहा, एकदा साडेनऊ. दुकानातल्या तक्त्यात हे बसतच नाही.

पांढरे आणि रंगीत वेगळे धुणारे असाल तर दोन दिवसांच्या ढिगाचे आपोआप दोन ढीग होतात. मग साडेनऊ नको, सात पुरे. त्यामुळे आई कपडे कसे वेगळे करते ते आधी बघा. हा निर्णय तिलाच विचारून घ्या.

पाणी कधी येतं?

आता आपल्या भागाची खरी गोष्ट. रोज मशीन लावायची की दिवसाआड, हे आपण ठरवत नाही हो, पाणी ठरवतं. उल्हासनगरला एमआयडीसीकडून पाणी मिळतं. बदलापूर-अंबरनाथला जीवन प्राधिकरणाचं, उल्हास नदीवरच्या बॅरेजमधून उचललेलं, अंबरनाथला थोडं चिखलोली धरणाचं. बारवी धरण आपल्या उशाशी आहे, पण उन्हाळा आला की कपातीचं वेळापत्रक आपल्याही ग्रुपवर येतंच. कुठे सकाळी दीड तास, कुठे दिवसाआड, कुठे सोसायटीचा सेक्रेटरी मोटर लावेल तेव्हा.

एक आकडा सांगते. आपल्याकडे शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. भारतीय मानकात त्याची वाटणी आहे, त्यात कपडे धुण्यासाठी माणशी २० लिटर धरलेत. म्हणजे चौघांना ८० लिटर. आता सात किलोची फ्रंट लोड एका फेरीला साधारण पन्नास ते सत्तर लिटर घेते, ते यात बसतं. पूर्ण ऑटोमॅटिक टॉप लोड शंभरच्या पुढे सहज जाते, मोठ्या टबला दीडशेही. म्हणजे एका फेरीत एका माणसाचं दिवसभराचं पाणी, अंघोळ-संडास-स्वयंपाक सगळं धरून. टँकर मागवणाऱ्या सोसायटीत राहत असाल तर हा फरक मेंटेनन्सच्या बिलात दिसतो. मशीनवरचं स्टार लेबल बघताना नुसते तारे मोजू नका, किलोमागे किती लिटर पाणी लागतं तेही बघा आणि किलोने गुणा.

दुसरं, दाब. बऱ्याच ऑटोमॅटिक मशीनच्या पुस्तिकेत पाण्याचा कमीत कमी दाब ०.०३ किंवा ०.०५ मेगापास्कल असा लिहिलेला असतो. साध्या भाषेत ०.०३ म्हणजे टाकीतलं पाणी तुमच्या नळाच्या तीन मीटर वर हवं. तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल आणि टाकी तुमच्याच डोक्यावर गच्चीला टेकलेली असेल, तर ही उंची मिळेलच असं नाही. तपासायला दहा लिटरची बादली मशीनच्या नळाखाली ठेवा आणि मोबाइलवर वेळ लावा. दोन मिनिटं लागली म्हणजे मिनिटाला पाच लिटर. मग १२० लिटर भरायलाच चोवीस मिनिटं जाणार. टब जितका मोठा, तितकी ही वाट लांब, आणि अर्ध्यातच नळाचं पाणी गेलं की मशीन टी-टी करत उभी.

तीन घरं

नुसते आकडे नको, तीन प्रकारची घरं घेऊ. तुमचं घर यातल्या एकाशी जुळेल.

पहिलं, बदलापूरचं जोडपं. दोघंही सकाळी साडेसहाची लोकल पकडतात, रात्री नऊला घरी. रोज मशीन लावायला वेळच नाही. बुधवारी रात्री आणि रविवारी, एवढंच. दोघांचं रोजचं धुणं दीड-पावणेदोन किलो, चार दिवसांचं सहा-सात. तक्ता म्हणतो दोन माणसं, सहा किलो. पण सहाची ऐंशी टक्के म्हणजे पावणेपाचच. सगळं एकदम टाकलं तर बसत नाही, आणि रात्री दुसरी फेरी लावायला अंगात जीव उरत नाही. यांनी आठ-नऊची घ्यावी. रात्री टाकीत पाणी असतं का, ते आधी सेक्रेटरीला विचारावं.

दुसरं, उल्हासनगरचं एकत्र कुटुंब. तुम्हाला माहीत असेल, फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथल्या लष्करी छावणीच्या बराकीत राहिले आणि १९४९ मध्ये या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. म्हणून आजही आपण कॅम्प एक, कॅम्प दोन असंच म्हणतो. त्या जुन्या जागांवरची कितीतरी घरं आजही तळमजल्याची, लहान, आणि माणसं सात-आठ. पाणी सकाळी येतं तेवढंच, ते पिंपात भरून ठेवायचं. इथे महागडी ऑटोमॅटिक मशीन बऱ्याचदा शोभेची होते. या घराला आठ-नऊ किलोची सेमी ऑटोमॅटिक. एक तर पिंपातलं पाणी बादलीने ओतता येतं. दुसरं, साबणाचं तेच पाणी पुन्हा वापरता येतं: आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. आपल्या आया हे वर्षानुवर्षं करतात, ते अगदी बरोबर आहे. फक्त एक बघा. सेमीवर लिहिलेले किलो धुण्याच्या टबचे असतात. बाजूचा ड्रायर बऱ्याचदा त्यापेक्षा लहान असतो. त्याचा आकडा वेगळा विचारा, नाहीतर एका फेरीचं धुणं तीन वेळा पिळत बसावं लागेल.

आणि तळमजला म्हटलं की पावसाळा आठवतो. २६ जुलै २००५ आपल्याकडे कोणी विसरत नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, तेव्हा नदीकाठच्या घरांचं काय झालं तेही पाहिलंय. सेमी ऑटोमॅटिक वीस-पंचवीस किलोची असते, दोघं मिळून तिचा प्लग काढून ती पलंगावर चढवू शकतात. फ्रंट लोडमध्ये वजनासाठी काँक्रीटचा ठोकळा बसवलेला असतो, ती साठ किलोच्या वर जाते. पाणी घरात शिरत असताना ती हलत नाही.

तिसरं घर अंबरनाथचं. मुलगा नोकरीला, घरी आई-बाबा, पाणी बरं येतं. मुलाने प्रेमाने मोठी टॉप लोड आणायची ठरवली. थांब भावा. आईची उंची किती? नऊ-दहा किलोचा टब खोल असतो. तळाशी गेलेला मोजा काढायला पाच फुटांची बाई अर्धी आत वाकते. दुकानात मशीनचं झाकण उघडून आईला तळाला हात लावायला सांगा. लागत नसेल तर लहान टब घ्या. गुडघे दुखत नसतील आणि वाकता येत असेल तर फ्रंट लोड स्टँडवर ठेवा. तिघांच्या धुण्याला, रोज लावणार असाल तर सहा-साडेसहा पुष्कळ झालं.

मोठी कधीही बरी?

आता दुकानदाराच्या त्या वाक्याकडे येऊ. मोठी मशीन घेतली की काय होतं, ते मी किती घरांत बघते. "एवढ्याशा कपड्यांना मशीन कशाला? पाणी वाया जातं," असं म्हणून आई रोजचे छोटे कपडे बाथरूममध्ये हाताने धुते आणि मशीन रविवारची वाट बघते. हप्ते चालू, मशीनवर कव्हर, कव्हरवर तांदळाचा डबा, आणि आईचे हात साबणातच. मशीन ज्या कामासाठी आणली ते काम तिथल्या तिथेच राहिलं ना?

शिवाय फ्रंट लोडमध्ये एखादीच जीन्स किंवा एकच टॉवेल टाकला तर तो ओला होऊन एका बाजूला चिकटतो, तोल जातो, आणि मशीन पिळायचंच टाळते. मशीन धुणं जोखून पाणी कमी घेते हे खरं, पण अर्ध्यापेक्षा कमी भरली की किलोमागचा खर्च वाढतोच.

लहान घेतली तर उलटं. कोंबून भरायची सवय लागते, साबण कपड्यात राहतो, अंगाला खाज, मशीन थरथरते, बेअरिंगवर ताण. म्हणून ना मोठी बरी, ना लहान बरी. जी तुमच्या नेहमीच्या फेरीत पाऊण ते ऐंशी टक्के भरते, ती बरी.

"मग ब्लँकेट?" हा प्रश्न येणारच. जाड डबल ब्लँकेट कोरडंच तीन-चार किलोचं असतं आणि फुगून टब भरून टाकतं. पण आपल्याकडे थंडी ती किती? वर्षातून दोनदा ब्लँकेट लाँड्रीत द्या. दोन दिवसांसाठी तीनशे त्रेसष्ट दिवस मोठी मशीन पोसू नका.

वाळत कुठे घालणार?

हे दुकानात कोणीच विचारत नाही. मशीनमधून निघालेलं धुणं कुठेतरी टांगायचं असतं. सात किलो धुण्याला माझ्या मोजणीने पंचवीस-तीस फूट दोरी लागते. वन बीएचकेच्या बाल्कनीत पाच फुटी सहा दांड्यांचा वर ओढायचा हँगर असेल तर तीस फूट, म्हणजे एक फेरी. दोन दिवसांचं नऊ किलो काढलंत तर उरलेलं दारावर, खुर्चीवर, पंख्याखाली. आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे कपडा दोन दिवस वाळत नाही, कुबट वास येतो. त्यामुळे पावसाळ्यात थोडं-थोडं रोज धुणारं घर सुखी असतं.

इथे पिळण्याचा वेग कामाला येतो. १२०० आरपीएमला पिळलेल्या सुती धुण्यात त्याच्या वजनाच्या साधारण निम्मं पाणी उरतं, ७०० ला बरंच जास्त. एक किलो जास्तीची मशीन आणि जास्त वेगाची मशीन यात निवड करायची असेल आणि बाल्कनी लहान असेल, तर मी वेग घेईन.

जाता जाता

दुकानात जायच्या आधी पाच गोष्टी मोबाइलमध्ये लिहून न्या. एका आठवड्याचं तोललेलं धुणं. आठवड्यात किती वेळा मशीन लावणार. पाण्याची वेळ, आणि बादली भरायला लागलेली मिनिटं. दोरीची लांबी. आणि बाथरूमच्या दाराची रुंदी, कारण साठ सेंटीमीटरची मशीन अठ्ठावन्न सेंटीमीटरच्या दारातून जाईलच असं नाही. हे पाच आकडे समोर ठेवा आणि मग दुकानदाराला सांगा, "दादा, मला सातचीच दाखवा." तो माणसं किती विचारेल. हसून सांगा, "माणसं सोडा, धुणं साडेपाच किलो आहे."

आज रात्री एक बादली नक्की तोला आणि किती भरली ते मला कळवा. गावाचं नाव आणि पाण्याची वेळही लिहा. पुरेसे आकडे आले तर पुढे एका भागात एकत्र मांडू. तोपर्यंत काळजी घ्या, दारात लटकू नका, आणि घरी गेलात की दोरीवरचे कपडे तुम्ही काढा. भेटू पुढच्या भागात!